स्वयंबंद आकडा

स्वयंबंद आकडा म्हणजे भार येताच स्वतःहून मिटणारा आणि मुद्दाम उघडल्याशिवाय न उघडणारा पोलादी आकडा. क्रेनने किंवा चेनपुलीने जड वजन उचलताना तो बहुधा साखळीच्या, कधी वायररोपच्या टोकाला असतो. कारखान्यात त्याला ‘सेल्फ लॉकिंग हुक’ म्हणतात, कुठे नुसते ‘सेफ्टी हुक’. हे दुसरे नाव घोटाळ्याचे आहे, कारण स्प्रिंगची पातळ पट्टी असलेल्या साध्या हुकलाही तेच नाव चालते. स्टोअरमध्ये मागणी नोंदवताना ‘सेल्फ लॉकिंग’ हा शब्द लिहायलाच हवा.

साखळी ताठ असताना आकड्यातून सहसा काही निसटत नाही. धोका असतो ती सैल पडल्यावर. प्रेसमधली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा जड साचा, खाली उतरवतानाचा क्षण घ्या. डाय आधी एका कोपऱ्यावर टेकते, साखळीच्या चार पायांपैकी, म्हणजे खाली लोंबणाऱ्या चार फाट्यांपैकी, दोन ढिले पडतात, आणि ढिल्या पायांचे आकडे आपापल्या आय बोल्टमध्ये, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेल्या बोल्टमध्ये, कलतात. उघड्या आकड्यातून कडी इथेच बाहेर येते. ऑपरेटरला ते दिसत नाही. डाय सरळ करायला तो पुन्हा जरा वर घेतो आणि सगळे वजन उरलेल्या दोन पायांवर जाते. बंदरात हा धोका फार आधी ओळखला गेला. जहाजात माल चढवायचा ‘लिव्हरपूल हुक’ आत वळलेल्या नाकाचा करत, तो स्लिंग, म्हणजे मालाभोवतीचा दोर, निसटू नये आणि टोक कुठे अडकू नये म्हणूनच. पुढे आकड्याच्या तोंडावर स्प्रिंगची पट्टी आली. तिला लॅच म्हणतात. सैल पडलेली कडी जागेवर धरणे एवढेच लॅचचे काम. कडी उलटून आकड्याच्या टोकावर चढली आणि वरून भार आला, तर पातळ पत्र्याची लॅच वाकते किंवा तुटते. ती हाताला आड येते म्हणून तारेने मागे बांधून ठेवलेलीही दिसते. असा आकडा वापरू नये.

स्वयंबंद आकड्यात पातळ पट्टीऐवजी घडीव पोलादाची जाड भुजा असते. नेहमीच्या रचनेत वरची आय, म्हणजे साखळी जोडायचे भोक, आणि ही भुजा मिळून एकच तुकडा असतो. खालचा वाकडा भाग, म्हणजे आकड्याचे पोट, या तुकड्याला पाठीकडच्या एका पिनवर जोडलेला असतो आणि त्या पिनभोवती फिरतो. पिन भाराच्या रेषेत नसते, जरा मागे असते. सगळी युक्ती एवढ्यातच आहे. पोटात वजन आले की पोट ओळंब्यासारखे आयच्या बरोबर खाली येऊ पाहते; तसे येताना ते पिनभोवती वळते आणि त्याचे टोक भुजेच्या खाचेत जाऊन बसते. वजन जितके जास्त, तितका आकडा घट्ट मिटतो. टोक खाचेत अडकल्यामुळे भुजा बाजूलाही सरकत नाही, आणि वर जाताना एखाद्या कडेत अडकेल असे बाहेर आलेले नाक उरत नाही.

मिटताना ‘खट्’ असा आवाज येतो. पाठीकडचा स्प्रिंगचा खटका तेव्हा आपल्या जागी पडलेला असतो. तिथून पुढे साखळी ढिली पडली, आपटली, उलटली, तरी आकडा मिटलेला राहतो. उघडायचा तर भार पूर्ण उतरवून खटका दाबावा लागतो. वजन लटकत असताना तो हाताने उघडता येत नाही. खटका पाठीला ठेवण्यामागे आणखी एक विचार आहे. टोक आणि भुजा जिथे एकत्र येतात, तिथे बोट सापडले तर ते चिरडते. पाठीला धरलेला हात त्या जागेपासून लांब राहतो. तरीही ‘हाबेस’, म्हणजे वर घे, अशी हाक देण्याआधी सगळ्यांचे हात बाजूला झाले आहेत हे पाहणे रिगरचेच, म्हणजे वजन बांधून उचलवणाऱ्या कामगाराचेच, काम. ‘आरिया’, म्हणजे खाली, म्हटल्यावर वजन नीट टेकेपर्यंत खटक्याला हात लावायचा नाही.

हे आकडे मिश्रधातू पोलादाचे, घडवून उष्मोपचार केलेले असतात. युरोपातील ईएन १६७७ या मानकाचा तिसरा भाग ग्रेड ८ च्या स्वयंबंद आकड्यांना वाहिलेला आहे. ग्रेड म्हणजे पोलादाच्या ताकदीची प्रत. आकड्यावर ग्रेड, साखळीचा आकार आणि उत्पादकाची खूण उठवलेली असते. ग्रेड ८ चा १० मिमी साखळीचा आकडा ३.१५ टनांसाठी, ग्रेड १० चा त्याच मापाचा ४ टनांसाठी. मोडण्याचा भार याच्या किमान चौपट असतो, पण ती चौपट झटके आणि झीज यांच्यासाठी राखलेली आहे, वापरून टाकण्यासाठी नाही. दोन पायांची १० मिमीची ग्रेड ८ साखळी उभ्या रेषेपासून ४५ अंशांपर्यंत ४.२५ टन उचलते. पाय ६० अंशांपर्यंत फाकले की ही क्षमता ३.१५ टनांवर येते, कारण तेव्हा प्रत्येक पायावर पूर्ण वजनाइतका ताण पडतो.

वरचा भाग आय, क्लेव्हिस (आडवी पिन घालून साखळी जोडायचा दुबेळका) किंवा स्विव्हल (फिरता सांधा) असा असतो. साधा स्विव्हल भार येण्यापूर्वी फिरवून जुळवण्यापुरताच असतो. वजन लटकत असताना फिरायला हवे तर बेअरिंगचा घ्यावा लागतो.

माणसे बसवून पाळणा उचलताना तर तडजोडीला जागाच नाही. अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार सुरक्षा यंत्रणेच्या बांधकाम नियमांत अशा पाळण्याचा आकडा तोंड पूर्ण मिटणारा आणि कुलूपबंद होणाराच लागतो, नाहीतर बोल्ट, नट आणि पिन असलेली शॅकल, म्हणजे बोल्टने बंद होणारी यू आकाराची कडी, वापरायची.

हा आकडा सगळ्या चुका झाकत नाही. लहान भोकाच्या आय बोल्टमध्ये जाड आकडा कोंबला की वजन पोटात न बसता टोकावर येते आणि टोक वाकते. रुंद पट्टा अरुंद पोटात चुरगळतो. आय बोल्टला लावलेल्या आकड्यांची तोंडे बाहेरच्या बाजूला ठेवायची असतात. मात्र एक फायदा मला फार मोलाचा वाटतो: आकडा नीट बसलेला नसेल तर तो मिटत नाही, आणि न मिटलेला आकडा लांबूनही दिसतो. तो दिसला की काम तिथेच थांबवता येते.

ग्रेड ८ च्या आकड्याला २०० अंश सेल्सिअसपर्यंत पूर्ण भार चालतो, त्यापुढे कमी करावा लागतो, आणि ४०० च्या वर वापरच नाही. आम्लाच्या टाकीत तो नेऊ नये; पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते. वेल्डिंगने दुरुस्ती तर अजिबात नाही, कारण त्या उष्णतेने मूळचा उष्मोपचार नासतो. बदलता येतात ते खटका, स्प्रिंग आणि पिन, तेही त्याच उत्पादकाचे.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २९ ने उचलण्याच्या सगळ्या साधनांची १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली होती. रोजची तपासणी मात्र हातानेच होते: खटका दाबून पाहायचा, मिटवून भुजा हलवून पाहायची, टोकाजवळची फट बघायची. पिन सैल झाली की फट वाढते. अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांच्या एएसएमई या संस्थेच्या बी३०.१० मानकानुसार मूळ जाडीच्या १० टक्क्यांहून जास्त झीज, डोळ्यांना दिसेल एवढा पीळ, चीर, किंवा कुलूप न लागणे, यांपैकी काहीही आढळले की आकडा बाद. बाद आकडा गॅसने कापून दोन तुकडे करूनच भंगारात टाकावा. अख्खा गेला तर रंग लागून तो पुन्हा कुणाच्या तरी साखळीला लागतो.