उसातील बिबट्याची पिल्ले

सातारा व सांगली जिल्ह्यांच्या बागायती पट्ट्यात बिबट्याची मादी उसाच्या फडात विते आणि ऊसतोडीच्या वेळी तिची पिल्ले माणसांच्या हाती लागतात. कराड, पाटण, वाळवा व शिराळा या तालुक्यांत, म्हणजे कृष्णा-कोयना-वारणेच्या काठी, हंगामात हे वारंवार घडते. अशी पिल्ले आईकडे परत पोचवण्याची पद्धत वनविभागाने आता चांगलीच बसवली आहे.

बिबट्या जंगलातून भरकटून येतो, हे अर्धेच खरे आहे. चांदोली व कोयनेचे जंगल जवळ आहे हे कबूल. पण जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस जवळजवळ दीड वर्ष उभा असतो. आत गारवा, शेजारी पाणी, गावाकडेला भटकी कुत्री आणि डुकरे. मादीचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा. एका वेतात बहुधा दोन-तीन पिल्ले होतात, जन्मतः जेमतेम अर्ध्या किलोची, डोळे मिटलेली. एवढ्या मुदतीत ती फडातच वाढू लागतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की हा आडोसा सरीसरीने कमी होतो. कोयत्यांच्या आवाजाने मादी शेजारच्या उभ्या उसात सरकते. पिल्ले पाचटात निपचित पडून राहतात. टोळीतल्या बायकांची तान्ही मुलेही त्याच फडाच्या कडेला साडीच्या झोळीत निजलेली असतात. तेव्हा पिल्लू दिसताच गलका होतो, यात नवल नाही. तोडीपूर्वी पाला पेटवलेल्या फडात मात्र पिल्लांना वाचायला फारशी संधी उरत नाही.

सापडलेले प्रत्येक ठिपकेदार पिल्लू बिबट्याचे नसते. वाघाटी ही छोटी रानमांजरही उसात विते आणि तिची पिल्लेही लोक बिबट्याची समजून उचलतात. व्हॉट्सॲपवर तर हीच पिल्ले चित्त्याची म्हणून फिरतात. चित्त्याच्या पिल्लाच्या मानेपासून पाठीवर लांब राखाडी केसांची झालर असते आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते. शिवाय चित्ता मोकळ्या माळाचा प्राणी. भारतातून नाहीसा झालेला हा प्राणी २०२२ मध्ये आफ्रिकेतून मध्य प्रदेशातील कुनो येथे आणला गेला. कराडच्या उसात तो येणार कुठून!

पिल्लू दिसल्यावर तोड थांबवून वनविभागाला (मदत क्रमांक १९२६) कळवतात. पशुवैद्य पिल्लांची तपासणी करतात. सायंकाळी ती सापडलेल्या जागीच, किंवा अगदी लगत, पाचट अंथरलेल्या क्रेटमध्ये ठेवली जातात. क्रेट उघडा असतो किंवा मादीला सहज पाडता येईल असा. आजूबाजूला स्वयंचलित कॅमेरे लावून सगळी माणसे दूर जातात. मादी अंधारात येते, हुंगते आणि एकेक पिल्लू मानेला धरून नेते. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत या कॅमेऱ्यांनीच खोटी ठरवली. पहिल्या रात्री ती आली नाही तर पुढच्या रात्री पुन्हा प्रयत्न होतो.

अडचण असते ती गर्दीची. पिल्लासोबत सेल्फी काढायला जमलेले लोक रात्री उशिरापर्यंत हलत नाहीत आणि मादी दूरच खोळंबून राहते. पिल्ले दूर नेल्यास ती त्याच शिवारात शोधत फिरते. रात्रपाळीच्या विजेवर एकट्याने पाणी पाजायला निघालेल्या शेतकऱ्याला धोका असतो तो अशा मादीचा. तोड थांबवण्याचा भुर्दंडही उघड आहे. मजुरी टनावर असल्याने टोळीला दुसरा फड लगेच मिळाला नाही, तर तो दिवस बुडतो. मुकादम आणि कारखान्याची शेतकी विभागाची माणसे तेवढी सोय करतात तिथे काम सुरळीत होते, हे साधे गणित आहे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये बिबट्या असल्याने पिल्लू घरी पाळणे गुन्हा आहे. आई न आलेल्या पिल्लांना निवारा केंद्रात ठेवावे लागते. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळ माणिकडोह येथे असे केंद्र आहे. शिकार शिकवायला आई नसल्याने अशा पिल्लांना पुढे मोकळे सोडणे फार अवघड असते आणि बहुतेकांचे आयुष्य पिंजऱ्यातच जाते.