शाळकरी मुलांचा सरकारी चष्मा

शाळेतल्या मुलाला नंबर निघाला तर चष्म्याचे पैसे सरकार भरतं, ही सोय आपल्याकडे बरीच वर्षं आहे पण कितीतरी आईवडिलांना ती माहितीच नसते. पैसे पालकांच्या हातात येत नाहीत, तयार चष्माच मिळतो. त्याच्या मागे दोन कार्यक्रम आहेत. एक 1976 चा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम, आणि दुसरा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे आरबीएसके, जो 6 फेब्रुवारी 2013 ला आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं.

आरबीएसकेच्या गाडीतून दोन आयुष (म्हणजे आयुर्वेद, होमिओपॅथीसारख्या पद्धतींचे) डॉक्टर, एक नर्स आणि एक फार्मासिस्ट येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. डोळ्यांची पहिली चाचणी बऱ्याचदा ट्रेनिंग घेतलेले गुरुजी किंवा बाईच करतात. व्हरांड्यात भिंतीला तक्ता लावायचा, 6 मीटरवर म्हणजे साधारण 20 फुटांवर खडूची रेघ मारायची आणि एकेक डोळा झाकून वाचायला लावायचं. अक्षरं न येणाऱ्या लहानग्यांसाठी ई चा तक्ता असतो, त्या ई चे पाय वर आहेत की खाली, डावीकडे की उजवीकडे ते हाताने दाखवायचं. आता गंमत नाही, खरंच सांगते, इथेच खूप मुलं सुटतात, कारण मुलं बोटांच्या फटीतून बघतात आणि रांगेत मागे उभं राहून पुढच्याचं ऐकून पाठ करतात. म्हणून तळहाताने झाकायला लावायचं आणि बाकीच्यांना वर्गातच बसवायचं.

ज्याला दिसत नाही त्याला चिठ्ठी देऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात. तिथे नेत्रचिकित्सा अधिकारी नंबर काढतात, लहान मुलांना थेंब घालून, कारण थेंबांशिवाय मायनस नंबर जास्त निघू शकतो. मग ऑर्डर जाते आणि चष्मा शाळेत किंवा दवाखान्यात येतो. एका चष्म्यामागे सरकारी दर आधी 275 रुपये होता, मग 350 झाला, आणि हा खर्च केंद्र आणि राज्य 60:40 ने वाटून घेतात. तेवढ्यात फ्रेम आणि काचा दोन्ही बसवायच्या म्हणजे फ्रेमची फार निवड नसते, आणि नाकावरून घसरणारा चष्मा पोरगं दप्तरातच ठेवतं.

आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले योजनेच्या कार्डावर चष्मा मिळेल असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही, त्या योजना मुख्यतः भरती होऊन केलेल्या उपचारांसाठी आहेत.

अजून एक मोठी फट म्हणजे आरबीएसकेची शाळा तपासणी सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आहे. पोटाला चिमटा काढून विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेलं मूल त्यात येतच नाही, त्याला आईवडिलांनीच सरकारी दवाखान्यात न्यायचं, म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं गेलं. आणि उशीर परवडत नाही, एका डोळ्याचा नंबर जास्त असेल तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो, त्याला आळशी डोळा म्हणतात, आणि वयाच्या सात-आठ वर्षांनंतर तो सुधारणं अवघड होत जातं.

पण माझ्या मते खरी अडचण दुसऱ्या चष्म्याची आहे. वाढत्या वयात नंबर बदलत राहतो, काडी तर खेळताना कधीही मोडते, आणि गाडी परत येणार वर्षाने. ब्रिटनमधल्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत 16 वर्षांखालच्या मुलांना व्हाउचर मिळतं, ते कुठल्याही दुकानात चालतं, आणि चष्मा मोडला तर दुरुस्तीला किंवा बदलायलाही मिळतं. तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना हे ओळखीचं असेल. आपल्याकडे तशी व्यवस्था हवीच, कारण काडीच्या जागी दोरा बांधून, मान एका बाजूला कलती करून फळा बघणारी मुलं मी वर्गात पाहिली आहेत.

तोपर्यंत एक करा, दवाखान्यातून नंबरचा कागद मागून घ्या आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. चष्मा मोडला तर त्यावरून बाहेर लगेच दुसरा करता येतो, 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटीही 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. फक्त कागद वर्षापेक्षा जुना असेल तर आधी डोळे परत तपासून घ्या.