पुरळ उठवणारी गोळी आजही का देतात? कोट्रायमॉक्साझोलची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेकडे एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सुरू झालेल्या माणसाच्या पिशवीत, सीडी4 (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या रक्तपेशींची संख्या) 350 च्या खाली असेल तर, एक मोठी पांढरी गोळीही असते. ती एचआयव्हीवरची नाही. ते जुनं अँटिबायोटिक आहे, कोट्रायमॉक्साझोल. मेडिकलमध्ये 'सेप्ट्रान' म्हटलं की लगेच कळतं. सल्फामेथॉक्साझोल 800 मिग्रॅ आणि ट्रायमेथोप्रिम 160 मिग्रॅ, रोज एक.

1960 च्या दशकाच्या अखेरीस आलेलं हे औषध लघवीच्या नि छातीच्या संसर्गावर सर्रास वापरलं गेलं आणि बहुतेकांना सोसलं. 1981 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाचे (प्रतिकारशक्ती खालावल्यावर होणारा फुफ्फुसाचा संसर्ग) पाच रुग्ण नोंदले गेले आणि एड्सची चाहूल लागली. त्या न्यूमोनियावर हेच औषध मोठ्या मात्रेत द्यावं लागे. 1984 पर्यंत दिसून आलं की एड्सच्या निम्म्याहून जास्त रुग्णांना ते सोसत नाही: दुसऱ्या आठवड्याच्या आसपास ताप, अंगभर लाल पुरळ, पांढऱ्या पेशी घटलेल्या. इतरांमधला अनुभव इथे उपयोगाचा नव्हता. सुरक्षितता एचआयव्ही असलेल्यांमध्येच तपासणं भाग होतं.

1988 चा प्रयोग लहान, पण बोलका. एड्सच्या 60 रुग्णांपैकी 30 जणांना हा न्यूमोनिया होऊच नये म्हणून गोळी दिली, 30 जणांना नाही. गोळीवाल्यांत एकालाही हा न्यूमोनिया झाला नाही, बाकीच्यांत 16 जणांना झाला. त्रास मात्र 15 जणांना झाला. गोळी सोडावी लागली ती पाचांनाच. त्रास होणं वेगळं आणि औषध बंद करावं लागणं वेगळं, हा फरक आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुढे 1999 मध्ये आफ्रिकेतल्या आबिजानला एचआयव्ही असलेल्या क्षयरोग्यांत रोज एक गोळी दिल्याने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2004 मध्ये झांबियात, जंतू या औषधाला बऱ्यापैकी निर्ढावलेले असतानाही, एचआयव्ही असलेल्या मुलांचे मृत्यू 43 टक्क्यांनी घटले.

म्हणूनच पुरळ दिसताच घरच्या घरी गोळी बंद करू नका, एआरटी केंद्रावर दाखवा. नुसती खाज आणि बारीक लाल पुरळ असेल तर डॉक्टर बहुधा लक्ष ठेवून गोळी चालू ठेवतात. पण तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सुटतेय, असं काही दिसलं तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. नेविरापिन या एचआयव्हीवरच्या औषधाच्याही सुरुवातीच्या आठवड्यांत पुरळ येतं, त्यामुळे दोन्ही एकदम सुरू केली तर दोष कुणाचा ते कळत नाही. झिडोवुडिन हे एचआयव्हीवरचं दुसरं औषध चालू असेल तर हिमोग्लोबिनवर नजर हवी, कारण रक्त दोन्ही औषधांनी कमी होऊ शकतं.

तासगावकडे द्राक्षबागेत गंधक मारणारे हमखास विचारतात, गंधकाने अंगाला खाज सुटते, मग सल्फा (या गोळीतलं सल्फामेथॉक्साझोल) चालेल का? चालेल. दोन्हींचा संबंध फक्त नावापुरता.

सौम्य त्रासामुळे गोळी थांबवली असेल तर ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली पुन्हा अंगवळणी पाडता येते. आदल्या दिवसापासून खाजेची गोळी सुरू करायची. मग पातळ औषध पहिल्या दिवशी 2 मिली, नंतर रोज 4, 6, 8 मिली. पाचव्या दिवशी साधी लहान गोळी एक, सहाव्या दिवशी दोन, म्हणजे पूर्ण मात्रा. ज्यांची कातडी सुटली होती किंवा तोंडात फोड आले होते, त्यांच्यावर हा प्रयत्न कधीच करायचा नाही.