रक्ताच्या कर्करोगावरील औषधाची ॲलर्जी: दिसणारी आणि न दिसणारी

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरील औषधांत ॲस्परॅजिनेज वेगळे ठरते, कारण ते ई. कोलाय या जिवाणूपासून मिळवलेले प्रथिन आहे. बहुतेक निरोगी पेशी ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करतात. ल्युकेमियाच्या पेशींना मात्र ते रक्तातून घ्यावे लागते. ॲस्परॅजिनेज हे विकर (एन्झाइम) रक्तातले ॲस्परॅजिनच मोडून टाकते आणि त्या पेशींची उपासमार होते. गिनीपिगच्या रक्तद्रवाने उंदरांमधील लिम्फोमा हा लसिका पेशींचा कर्करोग ओसरतो, हे जॉन किड यांनी 1953 मध्ये नोंदवले, त्यामागेही हेच विकर होते.

परके प्रथिन म्हटले की शरीर प्रतिपिंडे बनवणारच. म्हणून पहिली मात्रा बहुधा निर्धोक जाते आणि काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या खंडानंतरच्या मात्रेला अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, खोकल्याची उबळ येते, क्वचित रक्तदाब कोसळतो. अशा तीव्र वेळी औषध तत्काळ थांबवून मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रिनॅलिन देतात. मात्रा किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 15 किलोच्या मुलाला 0.15 मिलिग्रॅम. सेट्रिझिनसारखी औषधे आणि स्टेरॉइड त्यानंतरची. गडचिरोली किंवा बालाघाटहून नागपूरला आलेल्या पालकांना इंजेक्शन झाल्याबरोबर गणेशपेठ गाठून एसटी धरायची घाई असते, ती समजण्यासारखी आहे. पण डॉक्टरांनी सांगितलेला वेळ वॉर्डातच काढावा, कारण प्रतिक्रिया उशिराही येऊ शकते.

माझ्या मते खरी काळजी न दिसणाऱ्या ॲलर्जीची आहे. काही मुलांत प्रतिपिंडे औषध निकामी करतात, पण अंगावर एकही गांध उठत नाही. सारे सुरळीत चालल्यासारखे वाटते आणि उपचार मात्र अपुरा पडतो. ते कळण्यासाठी रक्तातील विकराची क्रियाशीलता मोजावी लागते. ती मिलिलिटरमागे 0.1 युनिटच्या खाली गेली, तर मात्रा वाया गेली असे धरतात. आधीच दिलेल्या ॲलर्जीरोधक गोळ्यांनी गांधी दबतात, पण औषध निकामी होणे थांबेलच असे नाही. म्हणून अशा गोळ्या घरून परस्पर देऊन आणू नयेत, आणि पूर्वी उठलेली पुरळ किरकोळ असली तरी डॉक्टरांना सांगावी.

ॲलर्जी ठरली, तर अर्विनिया या दुसऱ्या जिवाणूपासूनचे ॲस्परॅजिनेज वापरता येते, कारण आधीची प्रतिपिंडे त्याला सहसा ओळखत नाहीत. ते शरीरातून लवकर निघून जाते, त्यामुळे आठवड्यातून तीनदा द्यावे लागते. शिवाय ते महाग आहे आणि आपल्याकडे सहज मिळत नाही. म्हणूनच निदान नेमके हवे. ॲस्परॅजिनेजमुळे रक्तात अमोनिया वाढूनही उलट्या आणि डोकेदुखी होते. तिला ॲलर्जी समजून औषध बदलले, तर चालणारे औषध विनाकारण हातचे जाते.