बढती-घसरण पद्धत (फुटबॉल)

हंगाम संपल्यावर वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खाली आणि खालच्या श्रेणीतील अव्वल संघ वर नेण्याची लीग फुटबॉलमधील रीत. नव्याने उभा राहिलेला व्यावसायिक क्लब वर चढतो तो याच वाटेने, निदान तत्त्वतः. मराठी वृत्तपत्रांत ‘बढती’, ‘पदोन्नती’ आणि ‘प्रमोशन’ असे तिन्ही शब्द आढळतात. ‘पदावनती’ला मात्र सरकारी कचेरीचा वास येतो, मैदानावर ‘खालच्या ग्रुपात गेले’ एवढ्यावर भागते. ‘साखळी’ हा शब्द त्याहून घोटाळ्याचा. वर्षभर चालणारी लीग म्हणजेही साखळी आणि बाद फेरीआधीचे गटवार सामने म्हणजेही साखळीच. दुसऱ्या प्रकारात बढती संभवत नाही, म्हणून या नोंदीत ‘लीग’ हाच शब्द ठेवला आहे.

पद्धतीचा उगम इंग्लंडमधला, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते वर्षाविषयी. १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा श्रेणी एकच होती. तळाच्या चार संघांनी दरवर्षी फेरनिवडीसाठी उभे राहायचे आणि इतर क्लबांनी मते द्यायची, असा रिवाज होता. १८९२ मध्ये फुटबॉल अलायन्स ही प्रतिस्पर्धी संघटना लीगमध्ये विलीन झाली आणि दुसरी श्रेणी निघाली. काही लेखक आरंभ येथून धरतात. पण वर माडी बांधली म्हणजे जिना झाला असे होत नाही. १८९३ पासून पहिल्या श्रेणीतील तळाचे आणि दुसरीतील वरचे तीन-तीन संघ आपसांत ‘टेस्ट मॅच’ खेळू लागले (क्रिकेटच्या कसोटीशी यांचा संबंध नाही). पहिल्याच वर्षी दुसऱ्या श्रेणीचा विजेता स्मॉल हीथ, म्हणजे आजचा बर्मिंगहॅम सिटी, अशा सामन्यात न्यूटन हीथकडून हरला आणि खालीच राहिला. न्यूटन हीथ म्हणजे आजचा मँचेस्टर युनायटेड. वर्षभराची मेहनत एका निकालाने पुसली गेली, ही तक्रार तेव्हापासूनची दिसते.

१८९८ चा प्रसंग अधिक बोलका आहे. स्टोक आणि बर्नली यांच्यातील अखेरची टेस्ट मॅच बरोबरीत सुटली तरी दोघांनाही पहिली श्रेणी मिळणार होती. सामना ०-० सुटला. गोलकडे फटका मारायची कोणालाच घाई नव्हती. वैतागलेल्या प्रेक्षकांनी चेंडू अडवून धरला अशीही हकिकत सांगतात. तिच्यातला काही भाग पुढे रंगवला गेला असावा. त्याच वर्षी टेस्ट मॅच बंद करून गुणतक्त्यावरून थेट बढती देण्याचे ठरले आणि १८९९ मध्ये मँचेस्टर सिटी व ग्लॉसप हे संघ त्या नियमाने वर गेले. आरंभवर्ष म्हणून १८९८ हेच अधिक सयुक्तिक वाटते. ग्लॉसप हे कापड गिरण्यांचे, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढे ठिकाण. त्याचा संघ पहिल्या श्रेणीत एकच हंगाम टिकला.

मतदानाची रीत मात्र लगेच गेली नाही. स्कॉटिश लीगने १८९३ मध्ये दुसरी श्रेणी काढली, पण थेट बढती १९२१-२२ च्या हंगामापासून. इंग्लंडमध्येही लीगच्या तळाशी फेरनिवड १९८६ पर्यंत चालू राहिली. विम्बल्डन क्लब १९७७ मध्ये लीगमध्ये आला तो वर्किंग्टनच्या जागी, मतांवर. नंतरच्या श्रेण्या त्याने खेळून चढल्या, १९८६ मध्ये सर्वोच्च श्रेणी गाठली आणि १९८८ मध्ये एफ. ए. चषकही जिंकला.

भारतात कलकत्ता लीग १८९८ चीच. तिच्या वरच्या श्रेणीत गोऱ्या पलटणी आणि युरोपीय क्लब होते. मोहन बागानने १९११ मध्ये आय. एफ. ए. शील्ड जिंकली, तरी लीगमध्ये त्याला १९१४ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. पहिली श्रेणी १९१५ मध्ये मिळाली. चषक जिंकणे आणि लीगमध्ये जागा असणे या दोन गोष्टी किती वेगळ्या, हे येथे स्पष्ट होते. पहिल्या श्रेणीत दोनच भारतीय संघ असावेत असा संकेत होता. ईस्ट बंगालच्या बढतीच्या वेळी, १९२४ च्या हंगामानंतर, तो मोडला. मोहमेडन स्पोर्टिंगने १९३३ मध्ये बढती मिळवली आणि १९३४ मध्ये, वरच्या श्रेणीतील पहिल्याच हंगामात, विजेतेपद. असा मान मिळवणारा हा पहिला भारतीय संघ, आणि पुढे १९३८ पर्यंत विजेतेपद त्याच्याकडेच राहिले.

राष्ट्रीय पातळीवर नॅशनल फुटबॉल लीग १९९६ मध्ये आणि तिच्या जागी आय-लीग २००७ मध्ये आली. २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग (आय. एस. एल.) बंद दाराची होती, प्रवेश शुल्कावर. आय-लीग आता तिच्याखालची दुसरी पायरी ठरली आणि तिच्या विजेत्याला शुल्काविना आय. एस. एल.मध्ये घेण्याची तरतूद २०२२-२३ च्या हंगामापासून अमलात आली. तिचा पहिला लाभ पंजाबच्या क्लबाला आणि पुढच्या वर्षी मोहमेडन स्पोर्टिंगला झाला. घसरण मात्र २०२४-२५ च्या हंगामाअखेरही आय. एस. एल.मध्ये लागू झालेली नव्हती. जिना एका बाजूनेच वापरात होता.

खालच्या पायऱ्यांवर हालचाल अधिक आहे. २०२३-२४ मध्ये आय-लीग ३ ही नवी श्रेणी निघाली. स्पोर्टिंग क्लब बेंगळुरूने ती जिंकली, त्याच हंगामात आय-लीग २ ही जिंकली आणि थेट आय-लीग गाठली. एका वर्षात दोन पायऱ्या! २०२४-२५ च्या अखेरीस हा संघ पुन्हा खाली घसरला. त्याच सुमारास वाराणसीचा इंटर काशी हा नवा क्लब निविदेने थेट आय-लीगमध्ये दाखल झाला होता. २०२४-२५ चे विजेतेपद आधी चर्चिल ब्रदर्सला जाहीर झाले आणि जुलै २०२५ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाच्या निर्णयाने इंटर काशीकडे गेले. बढतीचा प्रश्न मैदानाइतकाच कागदावरही सुटतो तो असा. वर खेळायला क्लबाला परवानाही लागतो आणि त्याचे निकष पाच प्रकारचे असतात. खेळविषयक हा त्यांतला एक. उरलेले मैदान-सुविधा, कर्मचारी व प्रशासन, कायदेशीर बाबी आणि आर्थिक स्थिती यांचे.

महाराष्ट्रापुरते पाहता मुंबईची हारवूड लीग १९०२ पासूनची आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन (विफा) १९११ ची धरली जाते. अलीकडचे उदाहरण पुणे एफ. सी.चे. २००७ मध्ये स्थापना, २००९ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून आय-लीगमध्ये बढती, पहिल्याच हंगामात तिसरा क्रमांक, २०१२-१३ मध्ये उपविजेतेपद. आणि २०१५ मध्ये क्लब बंद. तो घसरला नाही, मिटला. घसरलेला संघ पुढच्या वर्षी परत येऊ शकतो, मालकाने आवरलेला येत नाही.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत हा जिना खालच्या पायरीपाशीच अडतो. इथल्या क्रीडासंस्कृतीचा साचा कुस्तीच्या मैदानाचा. मैदानात जोड लागते ती मल्लाच्या नावावर, गेल्या वर्षीच्या तक्त्यावर नव्हे. कवठेपिरानच्या मारुती माने यांचे किंवा गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे मोठेपण कोणत्या श्रेणीत मोजायचे, हा प्रश्नच उद्भवत नाही. फुटबॉलनेही बहुधा हाच साचा उचलला. चार-आठ दिवसांचा चषक, बाद पद्धत, रोख बक्षीस, मिरवणूक. जिंकणारा संघ पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या फेरीपासून. हौसेला हे पुरते. वर जाण्याची पायरी त्यातून तयार होत नाही. मिरजेचे रेल्वे जंक्शन आणि मिशनचे इस्पितळ पाहून फुटबॉल तिथे त्याच वाटांनी आला, असे म्हणण्याचा मोह होतो. भारतात अन्यत्र रेल्वे, मिशन आणि लष्कर या वाटांनी खेळ पसरला, हे खरे. परंतु जंक्शन होते म्हणून खेळ आला हे अनुमान सैलच म्हणावे लागेल. साताऱ्यात पाचगणीच्या निवासी शाळांत फुटबॉल जुना आहे, पण तो शालेय.

सांगलीपासून पन्नासेक किलोमीटरवरील कोल्हापूरची गोष्ट निराळी. तिथे तालमींनीच फुटबॉल संघ काढले आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनने (के. एस. ए.) त्यांना लीगमध्ये बसवले. वरिष्ठ गटात सोळा संघ, शाहू स्टेडियमवर महिनोन्महिने सामने, काही संघांत परदेशी खेळाडूही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही नावे तालमींची. पेठेची ईर्षा तीच, फक्त तिला गुणतक्ता मिळाला.

सांगलीतील एखाद्या क्लबाला वर चढायचे तर आधी जिल्हा संघटनेशी संलग्नता, मग राज्य संघटनेच्या स्पर्धा आणि तिच्या शिफारशीने आय-लीग ३, असा क्रम लागतो. खेळाडूंची नोंदणी अखिल भारतीय महासंघाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रणालीत व्हावी लागते. त्यातली अडचण नियमांपेक्षा अंतराची आणि मैदानाची. पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे, मुंबई पावणेचारशेच्या आसपास. बाहेरगावचा प्रत्येक सामना म्हणजे बस, मुक्काम आणि नोकरदार पोरांची रजा. १०५ बाय ६८ मीटरचे मैदान कित्येक आठवडे फक्त फुटबॉलला देणे जिल्ह्याच्या गावी सोपे नसते. तिथे क्रिकेटही असते, पोलीस भरतीची धाव असते, सभाही असतात. खेळाडू मात्र क्लबासाठी थांबत नाहीत. चांगला पोरगा कोल्हापूरच्या पेठेकडून खेळू लागतो किंवा पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जातो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव प्रबोधिनीतूनच पुढे गेला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.