उभ्या ट्रकचा प्रतिध्वनी

माझ्या पुतण्याने दसऱ्याला इलेक्ट्रिक गाडी घेतली. महागडी, आत बसल्यावर बाहेरचा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही अशी. पंधरा दिवसांनी तो मला घेऊन मुंबईला निघाला. द्रुतगती महामार्गावरचा उर्से टोलनाका मागे पडल्यावर त्याने स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं, वेग शंभरवर लावला आणि म्हणाला, "काका, आता बघा. गाडी स्वतः चालते."

आणि ती खरोखरच छान चालत होती. मधल्या लेनमध्ये पुढे एक पांढरी एसयूव्ही होती. तिचा वेग कमी झाला की आमचाही कमी होई, वाढला की वाढे. धक्का कुठेच नाही. कामशेतचा बोगदा ओलांडला आणि थोड्या वेळाने ती एसयूव्ही एकदम उजव्या लेनमध्ये सरकली. का सरकली ते लगेच कळलं. समोर आमच्याच लेनमध्ये एक ट्रक बंद पडून उभा होता. मागे रस्त्यावर दोन दगड आणि झाडाची तोडलेली फांदी, आपल्याकडची नेहमीची खूण. आमच्या गाडीला मात्र रस्ता मोकळा झाल्यासारखं वाटलं आणि ती वेग वाढवू लागली. पडद्यावरचा आकडा ८८ वरून ९१ झालेला मी स्वतः पाहिला. पुतण्याने ब्रेकवर पाय दाबला. फांदीच्या अलीकडे गाडी थांबली, तेव्हा आम्ही दोघंही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने सर्व्हिस सेंटर गाठलं. सेन्सर बिघडला असणार, अशी त्याची खात्री होती. तपासणीत सगळं ठीक निघालं, म्हणून तो आणखी चिडला. मला मात्र त्या तपासणीत काही खोट वाटत नाही. गाडी बिघडलेली नव्हती. तिला जसं घडवलं होतं, तशीच ती वागली. हे समजून घेण्यासारखं आहे, कारण अशा गाड्या आता आपल्या रस्त्यांवर झपाट्याने वाढताहेत. मर्सिडीजची ईक्यूएस ही दीड कोटीच्या घरातली इलेक्ट्रिक गाडी २०२२ पासून आपल्या चाकणमध्येच जोडली जाते. टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम जुलै २०२५ मध्ये मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलं.

आधी एक गैरसमज दूर करू. विजेवर चालणं आणि आपोआप चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा रस्ता पाहणारं असंच रडार आणि असेच कॅमेरे आज पेट्रोलच्या मध्यम किमतीच्या गाड्यांतही मिळतात. फरक इतकाच की विजेची मोटर हुकूम मिळाल्यावर काही मिलिसेकंदांत जोर वाढवते किंवा कमी करते, आणि वेग उतरवतानाही तीच मोटर जनित्र बनून गाडीला हळुवार ओढून धरते. म्हणून महागड्या इलेक्ट्रिक गाडीत ही यंत्रणा विलक्षण मऊ वाटते. माणूस त्या मऊपणावर विश्वास ठेवतो. पुढचं पाहण्याची क्षमता मात्र त्याने तसूभरही वाढत नाही.

आमच्यासारखाच एक प्रसंग अमेरिकेत अगदी बारकाईने नोंदला गेला आहे. २२ जानेवारी २०१८, कॅलिफोर्नियातलं कल्व्हर सिटी. महामार्गावर एका मोटरसायकलच्या अपघातासाठी आलेला अग्निशमन दलाचा बंब लेनमध्ये उभा होता. टेस्ला मॉडेल एस ऑटोपायलटवर, म्हणजे आपोआप चालण्याच्या यंत्रणेवर, दुसऱ्या गाडीच्या मागे ताशी साधारण ३४ किलोमीटरने चालली होती. पुढची गाडी लेन बदलून निघून गेली. चालकाने वेग लावून ठेवला होता ताशी ८० मैल, म्हणजे जवळजवळ १२९ किलोमीटर. गाडी तो गाठायला निघाली आणि ताशी ५० किलोमीटरने बंबावर आदळली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात दिसलं की धडकेचा इशारा वाजला तो आदळण्याच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी, आणि आपोआप ब्रेक लागलेच नाहीत. त्याआधीच्या सुमारे १४ मिनिटांत चालकाचे हात स्टिअरिंगवर असल्याचं यंत्राला जाणवलं, ते सगळं मिळून फक्त ५१ सेकंद.

इतका मोठा लाल बंब गाडीला दिसला कसा नाही? याचं उत्तर रडारमध्ये आहे, आणि ते मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गाडीच्या नाकाशी, बहुधा कंपनीच्या चिन्हामागे किंवा बंपरच्या जाळीत, तळहाताएवढी एक डबी असते. तिच्यातून ७७ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७७ अब्ज कंपनांच्या, आसपासच्या रेडिओलहरी निघतात. त्यांची तरंगलांबी सुमारे ४ मिलिमीटर, तांदळाच्या दाण्याहून लहान. लहर पुढच्या वस्तूवर आपटून परत येते. वस्तू १५० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३०० मीटर, प्रकाशाच्या वेगाने एक मायक्रोसेकंद. इतका छोटा वेळ घड्याळ लावून मोजणं कठीण, म्हणून एक सुंदर युक्ती केली जाते. लहरीची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, स्थिर ठेवत नाहीत, ती सतत चढवत नेतात, गायकाने 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत मींड घ्यावी तशी. प्रतिध्वनी परत येतो तोवर गायक वर गेलेला असतो, आणि परतलेला सूर असतो मघाचा, खालचा. दोन्ही सुरांतला फरक मोजायचा. समजा चढाची गती दर मायक्रोसेकंदाला १० मेगाहर्ट्झ आहे, तर १५० मीटरवरच्या ट्रकसाठी हा फरक बरोबर १० मेगाहर्ट्झ येईल. ७५ मीटरवरच्यासाठी ५. काळ मोजायचा होता, आपण कंप्रता मोजली, आणि ती मोजण्यात इलेक्ट्रॉनिक्स फार तरबेज आहे.

आता वेग. स्टेशनवर न थांबता जाणाऱ्या एक्स्प्रेसचा हॉर्न जवळ येताना उंच आणि पुढे गेल्यावर खालचा ऐकू येतो. ख्रिश्चन डॉप्लर याने १८४२ मध्ये मांडलेला हा परिणाम रेडिओलहरींनाही लागू पडतो. ताशी १०० किलोमीटरने जवळ येणाऱ्या वस्तूवरून परतलेली ७७ गिगाहर्ट्झची लहर सुमारे १४ हजार हर्ट्झने वर सरकते. अब्जावधींत १४ हजार म्हणजे काहीच नाही, तरीही रडार ते पकडतं. कसं? मघाची मींड ते एकदा घेऊन थांबत नाही, लागोपाठ शेकडो वेळा घेतं. एका मिंडेला २० मायक्रोसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात आपली गाडी ट्रककडे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त सरकते. पण लहर स्वतःच ४ मिलिमीटरची आहे, आणि अंतर जाताना कमी झालं तसं येतानाही कमी झालं. त्यामुळे परतलेल्या लहरीची कला, म्हणजे चढ-उताराच्या चक्रातली तिची जागा, दर मिंडेला शंभरेक अंशांनी फिरते. कला किती झपाट्याने फिरते यावरून वेग कळतो. म्हणजे अंतर अर्ध्या-पाऊण मीटरच्या अचूकतेने आणि वेग ताशी किलोमीटरभराच्या आत, तेही धुक्यात, अंधारात, मुसळधार पावसात. कुठल्याही माणसाच्या डोळ्याला हे साधणार नाही.

मग घोडं अडतं कुठे? दिशेत.

कोणतीही लहर खिडकीतून बाहेर पडताना पसरते, आणि खिडकी जितकी लहान तितकी जास्त पसरते. तरंगलांबी ४ मिलिमीटर आणि डबीची रुंदी ८ सेंटिमीटर, म्हणजे गुणोत्तर विसास एक: दर वीस मीटरला लहर साधारण एक मीटर पसरते. १५० मीटर अंतरावर याचा अर्थ साडेसात मीटर. आपल्या द्रुतगती महामार्गाची एक लेन पावणेचार मीटरची असते. म्हणजे रडारची 'नजर' तिथे दोन लेनइतकी जाड झालेली असते. उभ्या दिशेत तर हाल आणखी वाईट, कारण डबीची उंची रुंदीपेक्षा कमी असते आणि जुन्या रडारांत वर-खाली ओळखण्याची सोय जवळजवळ नसतेच. समोरून मोठा प्रतिध्वनी आला, पण तो माझ्या लेनमधून आला, शेजारच्या कठड्यावरून आला, की डोक्यावरच्या 'लोणावळा ५ कि.मी.' या लोखंडी फलकावरून, हे त्याला नीट सांगता येत नाही.

चालत्या गाड्यांच्या बाबतीत हे फारसं बिघडवत नाही. आपण शंभरने, पुढची ऐंशीने, म्हणजे ती आपल्याकडे वीसने येते. रस्त्यावर वीसने येणारी दुसरी वस्तू सहसा नसते, म्हणून ती वेगाच्या कप्प्यात एकटी, स्पष्ट उठून दिसते. पण जे जे स्थिर आहे ते सगळं आपल्याकडे नेमकं शंभरने येत असतं. फलक, कठडा, पुलाचा खांब, गटाराचं झाकण, रस्त्यावर पडलेला पत्र्याचा डबा आणि बंद पडलेला ट्रक, सगळे एकाच कप्प्यात. आता प्रत्येक स्थिर प्रतिध्वनीला घाबरून ब्रेक मारायचा ठरवलं, तर गाडी दर फलकाखाली करकचून थांबेल आणि मागचा कंटेनर तिच्यावर चढेल. म्हणून अभियंत्यांनी एक निवड केली: आधी चालताना दिसलेली वस्तू थांबली तर तिला गंभीरपणे घ्यायचं, पण पहिल्यापासून उभी असलेली वस्तू, विशेषतः जास्त वेगात असताना, बहुतेक वेळा सोडून द्यायची. उभ्या ट्रकचा प्रतिध्वनी डबीपर्यंत पोचतो. तो ऐकून सोडून दिला जातो.

पुढची एसयूव्ही बाजूला झाली तो क्षण म्हणूनच सगळ्यात वाईट. तोवर तिनेच ट्रक झाकलेला होता. तो कधी 'चालताना' दिसलाच नाही.

कॅमेरा या गोंधळातून सोडवतो, बऱ्याच अंशी. त्याला दिशा उत्तम कळते. पण त्याला वस्तू ओळखावी लागते, आणि ओळख शिकवलेल्या चित्रांवर चालते. ७ मे २०१६ ला फ्लोरिडात विलिस्टनजवळ टेस्लाचा एक चालक मरण पावला. रस्ता ओलांडणाऱ्या ट्रेलरची पांढरी बाजू उजळ आकाशासमोर होती. ना चालकाने ब्रेक लावला ना गाडीने. वेग ताशी ११९ किलोमीटर होता. आजच्या गाड्यांत कॅमेरा आणि रडार एकमेकांची साक्ष काढतात, त्यामुळे उभ्या गाड्यांसाठीही त्या पुष्कळदा थांबतात. तरी ट्रकमागची निलगिरीची फांदी ही धोक्याची खूण आहे, हे परदेशात शिकलेल्या कॅमेऱ्याला कुणी शिकवलं असेल?

उलट दिशेची चूकही होते. समोर काही नसताना गाडी ब्रेक मारते. अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये सुमारे ४ लाख १६ हजार टेस्ला गाड्यांची चौकशी सुरू केली, आणि त्यांतल्या अनेक गाड्या रडार काढून निव्वळ कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या होत्या. याच जातीच्या चुकीतून त्या चित्रफिती येतात, ज्यांत रिकाम्या स्मशानभूमीतून जाताना गाडीच्या पडद्यावर माणसाची आकृती उमटते. आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवरही 'गाडीला भूत दिसलं' म्हणून त्या फिरतात. तिथे भूत नाही. एखादा थडग्याचा दगड किंवा झुडूप 'माणूस असण्याची शक्यता' या आकड्याची ठरलेली रेघ ओलांडून जातं, आणि पडदा आकृती काढतो. मुलांना हे असंच समजावून सांगा, त्यांना भुतापेक्षा जास्त मजा येते. आणि दसऱ्याला झेंडूचा हार घालाल तो चिन्हाच्या आणि काचेमागच्या कॅमेऱ्याच्या समोर येऊ देऊ नका. ओली फुलं म्हणजे पाणी, आणि ४ मिलिमीटरच्या लहरी पाणी चांगल्याच शोषतं.

जाहिरातींची भाषा तर भुताहून जास्त फसवते. अभियंते स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या मानतात. दुसऱ्या पातळीपर्यंत गाडी मदत करते, पण जबाबदार चालकच. भारतात आपण विकत घेतो ती यंत्रणा इथपर्यंतचीच. टेस्लाच्या 'फुल सेल्फ-ड्रायव्हिंग' या नावापुढे 'देखरेखीखाली' असा शब्द २०२४ मध्ये जोडावा लागला. तिसऱ्या पातळीवर ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः जबाबदारी घेते. मर्सिडीजने ती जर्मनीत २०२२ मध्ये एस-क्लास आणि ईक्यूएसमध्ये दिली. तिच्या तेव्हाच्या अटी पाहा: फक्त महामार्ग, वेग ताशी ६० किलोमीटरपर्यंत, पुढे गाडी हवी, पाऊस नको, बोगदा नको, रस्त्याचं काम नको. त्यासाठी रडार आणि कॅमेऱ्यांच्या जोडीला प्रकाशाच्या झोताने अंतर मोजणारा लायडार, अतिशय नेमके नकाशे आणि रस्ता ओला आहे का हे चाकाजवळून पाहणारा सेन्सर बसवावा लागला. लायडारची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते, म्हणून त्याची नजर जाड होत नाही. ट्रक कुठल्या लेनमध्ये आहे हे तो सहज सांगतो. आणि इतकं सगळं असूनही गाडी स्टिअरिंग परत देई तेव्हा माणसाला १० सेकंद देई. ताशी ६० ने तेवढ्यात १६७ मीटर अंतर जातं. कामशेतला आमच्या हातात तीनही सेकंद नव्हते.

पुतण्याला हे सगळं मी कागदावर आकृत्या काढून सांगितलं. मग आम्ही उभ्या गाडीत बसून पडद्यावरचं माहितीपुस्तक उघडलं. बरंच शोधल्यावर ते पान सापडलं: पुढचं वाहन लेनमधून बाजूला गेल्यास त्यापुढे थांबलेल्या वाहनासाठी ब्रेक लागेलच असं नाही. आमचा अख्खा प्रसंग एका वाक्यात, अगोदरच लिहून ठेवलेला. तो दोनदा वाचून पुतण्या म्हणाला, "काका, हे शोरूममध्ये कुणी बोललं नाही हो."

आता तो ही यंत्रणा वापरतो, पण पुढच्या गाडीच्या इंडिकेटरवर नजर ठेवून. ती लेन सोडायला लागली की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर येतो. परवा पुण्याला परतताना खोपोलीच्या पुढे मी ते तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा समोर रस्ता रिकामा होता.