संतुलित संघबांधणी (स्पर्धात्मक पोकेमॉन)

पोकेमॉन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेतील लढतींसाठी सहा पोकेमॉनचा, म्हणजे त्यातील काल्पनिक प्राण्यांचा, असा संच निवडण्याची पद्धत, की ज्यात प्रत्येकाची दुबळी बाजू दुसरा कोणी तरी सांभाळतो आणि सामना कसा जिंकायचा याचा निदान एक मार्ग आधीच ठरलेला असतो. ‘संतुलित’ याचा अर्थ नवखा खेळाडू बहुधा ‘सगळ्यातले थोडे थोडे’ असा घेतो आणि सहा वेगवेगळ्या टाइपचे, म्हणजे फायर, वॉटर यांसारख्या वर्गांचे, सहा आवडते पोकेमॉन एकत्र करतो. परंतु टाइप अठरा, जागा सहा आणि प्रत्येकाला मूव्ह, म्हणजे लढतीतल्या चाली, चारच, एवढ्या साधनांत प्रत्येक धोक्याला उत्तर ठेवणे अशक्य असते. कोणती फट उघडी राहणार हे आधी ओळखणे आणि तिच्यातून आत शिरणे प्रतिस्पर्ध्याला महाग पडेल अशी मांडणी करणे, हा या पद्धतीचा गाभा आहे.

नियमांची पार्श्वभूमी : मालिकेतील पहिले दोन गेम, रेड आणि ग्रीन, २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाले. गेमच्या त्या पहिल्या पिढीत, म्हणजे टप्प्यात, टाइप पंधराच होते. १९९९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीने डार्क आणि स्टील, तर २०१३ मधील सहाव्या पिढीने फेअरी हा टाइप वाढवला. संघबांधणीवर मात्र टाइपांच्या संख्येपेक्षा इतर बदलांचा परिणाम अधिक झाला. दुसऱ्या पिढीत पोकेमॉनजवळ वस्तू ठेवण्याची सोय आली, तिसऱ्या पिढीत ॲबिलिटी (पोकेमॉनची अंगभूत विशेष क्षमता) आणि नेचर (वेगासारखा एखादा गुण वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) आले, आणि २००६ मधील चौथ्या पिढीपासून हल्ला फिजिकल की स्पेशल, या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचा, हे टाइपवरून न ठरता प्रत्येक मूव्हपुरते ठरू लागले; त्यामुळे तोवर निरुपयोगी समजले जाणारे कित्येक पोकेमॉन एकदम कामाचे ठरले. याच पिढीपासून इंटरनेटवरून दूरच्या खेळाडूशी सामना करता येऊ लागला. २०१० मधील पाचव्या पिढीने सामन्यापूर्वी दोन्ही संघ एकमेकांना दाखवण्याची पद्धत, म्हणजे टीम प्रिव्ह्यू, आणली. त्यापूर्वी दडवून ठेवलेला सहावा पोकेमॉन हे एक शस्त्र असे. ते गेल्यावर निव्वळ अनपेक्षितपणावर विसंबलेले संघ मागे पडले.

आज लढतींचे दोन प्रमुख प्रवाह आहेत. पोकेमॉन कंपनीच्या अधिकृत जागतिक स्पर्धेत दुहेरी लढत असते : सहांपैकी चार पोकेमॉन निवडायचे, त्यांतले दोन एका वेळी मैदानात, सर्वांची पातळी ५०. दुसरा प्रवाह स्मोगन या २००४ मध्ये सुरू झालेल्या खेळाडूंच्या समुदायाने घडवला आहे. त्यात एकेरी लढत होते, सहाही पोकेमॉन खेळतात, आणि कोणता पोकेमॉन किती वापरला जातो यावरून त्यांचे ओव्हरयूज्ड, अंडरयूज्ड, रेअरलीयूज्ड असे स्तर ठरतात. पोकेमॉन शोडाउन हा ब्राउझरमध्ये चालणारा मोफत सिम्युलेटर दोन्ही प्रवाहांच्या सरावासाठी वापरला जातो. त्यात पोकेमॉन पकडावे किंवा वाढवावे लागत नाहीत. संघ लिहून काढला की लगेच सामना. त्यामुळे एखादी कल्पना सुचल्यापासून ती फसेपर्यंतचा वेळ फार थोडा झाला आहे, आणि संघबांधणीचा झपाट्याने विकास होण्यामागे हे एक मोठे कारण मानावे लागते.

कोअर : संघाची बांधणी सहसा एका पोकेमॉनपासून सुरू होते आणि त्याला पूरक असे एक-दोन जोडून दोघा-तिघांचा गाभा, म्हणजे कोअर, तयार केला जातो. अनुकूल टाइपच्या हल्ल्याने दुप्पट आणि प्रतिकूल टाइपच्या हल्ल्याने निम्मे नुकसान होते, तर काही जोड्यांत नुकसान मुळीच होत नाही. पोकेमॉनला दोन टाइप असल्यास हे गुणक एकमेकांशी गुणले जातात, म्हणून चौपट किंवा पाव नुकसानही संभवते. फायर-वॉटर-ग्रास हा सर्वांत जुना कोअर बहुतेकांना गेममधल्या पहिल्या निवडीपासूनच ठाऊक असतो. ड्रॅगन-स्टील-फेअरी हा फेअरी टाइप आल्यानंतरचा कोअर त्याहून अधिक घट्ट आहे.

ड्रॅगनाइट, हीट्रॅन आणि क्लेफेबल हे तिघे घेतले तर तो कसा चालतो हे स्पष्ट होते. ड्रॅगन आणि फ्लाइंग टाइपच्या ड्रॅगनाइटला आइसचा हल्ला चौपट लागतो आणि ड्रॅगन, फेअरी व रॉक यांचा दुप्पट. फायर आणि स्टील टाइपचा हीट्रॅन आइस व फेअरी यांचे नुकसान पावपट आणि ड्रॅगनचे निमपट घेतो, आणि त्यामुळे असा हल्ला येणार असे दिसताच ड्रॅगनाइटला मागे घेऊन त्याला निर्धास्तपणे पुढे करता येते. उलट हीट्रॅनला ग्राउंड चौपट आणि वॉटर व फायटिंग दुप्पट लागतात. यांपैकी ग्राउंडचा ड्रॅगनाइटवर काहीच परिणाम होत नाही आणि उरलेले दोन त्याला निम्मेच लागतात. क्लेफेबलच्या पॉयझन आणि स्टील या दोन्ही दुबळ्या बाजू हीट्रॅन झाकतो, आणि क्लेफेबलला स्वतःला ड्रॅगन टाइपचा कोणताही हल्ला बाधत नाही. कागदावर हे त्रिकूट जवळजवळ निर्दोष दिसते.

उरतो तो रॉक. ड्रॅगनाइटला तो दुप्पट लागतो आणि उरलेल्या दोघांपैकी कोणीही त्याचा जोर कमी करत नाही. म्हणून चौथी जागा बरेचदा ग्राउंड व फायटिंग टाइपच्या ग्रेट टस्कसारख्या पोकेमॉनला जाते, कारण रॉकचे नुकसान तो पावपट घेतो आणि शिवाय त्याला मैदानात पेरलेले सापळे हटवणारी रॅपिड स्पिन ही मूव्ह येते. पण त्याच्या येण्याने आइसला दुबळे असे दोघे झाले, आणि आइसचा मारा पचवण्याची जबाबदारी एकट्या हीट्रॅनवर पडली. प्रतिस्पर्धी कसलेला असेल तर तो आधी हीट्रॅनला संपवील आणि मगच आपला आइसचा हल्लेखोर बाहेर काढील. दोष दाखवणारा तक्ता एवढेच सांगतो की अमुक टाइपला संघात उत्तर आहे. ते उत्तर सामन्याच्या पंधराव्या फेरीपर्यंत जिवंत राहील का, हे तक्त्याला कळत नाही. नव्या संघांतील बहुसंख्य चुका याच जागी होतात असे म्हणता येईल.

सापळे आणि त्यांची सफाई : एकेरी लढतीत संघाचा कस स्विच करताना, म्हणजे मैदानातला पोकेमॉन बदलताना, लागतो, कारण मैदानात येणाऱ्या प्रत्येक पोकेमॉनला इजा करणारे सापळे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला पेरून ठेवता येतात. यांना खेळाडू हॅझर्ड म्हणतात. चौथ्या पिढीत आलेली स्टेल्थ रॉक ही मूव्ह यांत सर्वांत प्रभावी आहे. तिच्यामुळे होणारे नुकसान रॉक टाइपच्या गुणकानुसार ठरते : साधारण पोकेमॉनच्या एकूण एचपीपैकी (जीवनशक्तीपैकी) १२.५ टक्के, रॉक दुप्पट लागणाऱ्याच्या २५ टक्के, आणि चौपट लागणाऱ्याच्या, उदाहरणार्थ चॅरिझार्ड किंवा व्होल्करोनाच्या, तब्बल ५० टक्के. ड्रॅगनाइटची मल्टिस्केल ही ॲबिलिटी एचपी पूर्ण असेपर्यंतच येणारे नुकसान निम्मे करते. म्हणजे मैदानात पाऊल ठेवताच स्टेल्थ रॉक लागला की ती वायाच गेली. आठव्या पिढीत आलेले हेवी-ड्यूटी बूट्स त्याला दिले तर सापळे लागत नाहीत, पण मग दुसरी कोणतीही वस्तू जवळ ठेवता येत नाही. क्लेफेबलला मॅजिक गार्ड ॲबिलिटीमुळे ही अडचण मुळातच नसते.

म्हणून जवळजवळ प्रत्येक संतुलित संघात सापळे पेरणारा एक आणि ते हटवणारा एक असतोच. हटवण्याचे दोन रूढ मार्ग म्हणजे रॅपिड स्पिन आणि डीफॉग. परंतु रॅपिड स्पिन नॉर्मल टाइपची असल्याने समोर घोस्ट पोकेमॉन आला की ती निष्फळ ठरते. नवव्या पिढीतील गोल्डेंगो हा स्टील आणि घोस्ट टाइपचा पोकेमॉन तर आपल्या ॲबिलिटीच्या बळावर डीफॉगही अडवतो. त्याच्या येण्याने सफाई इतकी अवघड झाली की अनेक संघांनी तिचा नाद सोडून तिघा-चौघांना बूट्स देणे पसंत केले.

वेग : वर घेतलेल्या चौघांचे मूळ वेग पाहिले, तर ड्रॅगनाइट ८०, हीट्रॅन ७७, क्लेफेबल ६० आणि ग्रेट टस्क ८७ असे भरतात. टाइपांची वीण कितीही घट्ट असली तरी १४२ मूळ वेगाचा ड्रॅगापल्ट या सर्वांच्या आधी वार करतो, आणि जखमी संघाला एकामागून एक टिपत जातो. यावर उपाय तीन : स्वतःच वेगवान पोकेमॉन घेणे, कोणाला तरी वेग दीडपट करणारा चॉइस स्कार्फ देणे (तो घेतल्यावर स्विच करेपर्यंत एकच मूव्ह वापरता येते), किंवा वेग न पाहता आधी लागणारी प्रायॉरिटी मूव्ह ठेवणे. ड्रॅगनाइटची एक्स्ट्रीम स्पीड या तिसऱ्या वर्गातली आहे. पाचव्या जागी ड्रॅगापल्टच घेतला तर वेगाचा प्रश्न सुटतो, पण आइसला दुबळे तिघे होतात. येथे बरोबर उत्तर असे नसते. समोर कोणते संघ अधिक येत आहेत ते पाहून तोटा निवडावा लागतो.

वेगाच्या हिशेबात एकेका अंकाला किंमत असते. प्रत्येक पोकेमॉनला एकूण ५१० एफर्ट पॉइंट देता येतात, एका गुणाला जास्तीत जास्त २५२. पातळी १०० वर चार पॉइंटमागे तो गुण एकाने वाढतो. मूळ वेग १०२ असलेल्या गारचॉम्पला वेगात पूर्ण २५२ आणि वेग वाढवणारा नेचर दिल्यास त्याचा वेग ३३३ होतो, तर मूळ वेग १०० असलेला पोकेमॉन तेवढ्याच गुंतवणुकीत ३२८ वर थांबतो. हा पाच अंकांचा फरक म्हणजे आधी वार करणारा कोण हे कायमचे ठरले. जाणते खेळाडू पूर्ण २५२ देण्याऐवजी हव्या त्या प्रतिस्पर्ध्याच्या पुढे जाण्यापुरतेच पॉइंट वेगात घालतात आणि उरलेले बचावाकडे वळवतात.

शैली : आक्रमणाच्या टोकाला हायपर ऑफेन्स आणि बचावाच्या टोकाला स्टॉल असे संघांचे प्रकार मानले जातात. बॅलन्स या नावाने ओळखली जाणारी शैली यांच्या मधली आहे : दोन-तीन चिवट पोकेमॉन, म्हणजे वॉल, मारा सोसतात, व्होल्ट स्विच किंवा यू-टर्नसारख्या मूव्हने वार करता करता बाहेर पडणारा पिव्हट योग्य साथीदाराला सुखरूप आत आणतो, एक वॉलब्रेकर समोरची भिंत खिळखिळी करतो आणि शेवटी स्वीपर उरलेल्यांना निकालात काढतो. या शैलीचा एक उपजत दोष असा की ती समोरच्याच्या चालीला उत्तर देत बसते. पुढाकार घेणारा कोणीच नसलेला संघ सुरक्षित दिसतो आणि हळूहळू हरतो. पाऊस, ऊन किंवा ट्रिक रूम (मंद पोकेमॉनला आधी वार करू देणारी मूव्ह) यांवर उभारलेले संघ या अर्थाने संतुलित नसतात, मात्र आपल्या पाच फेऱ्यांच्या मुदतीत ते संतुलित संघाला सहज मोडू शकतात.

दुहेरी लढत : येथे सापळ्यांचे महत्त्व बरेच घटते, कारण स्विच कमी होतात आणि सामना लवकर संपतो. त्याऐवजी पहिल्या फेरीत समोरच्याला थबकवणारी फेक आउट, चार फेऱ्या आपल्या बाजूचा वेग दुप्पट करणारी टेलविंड, प्रतिस्पर्ध्यांचा फिजिकल हल्ला घटवणारी इंटिमिडेट ॲबिलिटी आणि जोडीदारावरचे हल्ले स्वतःकडे ओढून घेणारी फॉलो मी यांना मोल येते. वॉशिंग्टन डी.सी. येथे झालेली २०१४ ची जागतिक स्पर्धा दक्षिण कोरियाच्या से जुन पार्क यांनी जिंकली तेव्हा त्यांच्या संघात पाचिरीसू होता. सहा मूळ गुणांची बेरीज अवघी ४०५ असलेला हा खारीसारखा पोकेमॉन एकट्याने काहीच जिंकून देऊ शकत नाही. परंतु पार्क यांचा मुख्य हल्लेखोर ग्याराडॉस होता आणि त्याला इलेक्ट्रिकचा हल्ला चौपट लागतो. पाचिरीसू फॉलो मीने तो हल्ला स्वतःवर घेई आणि व्होल्ट ॲब्सॉर्ब ॲबिलिटीमुळे इजा होण्याऐवजी त्याचे एचपी भरून निघत. पोकेमॉनची योग्यता संघाबाहेर मोजता येत नाही याचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. सहांतून चारच निवडायचे असल्यामुळे दुहेरी संघ बांधणारा खेळाडू वस्तुतः वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांसाठी चौघांचे दोन-तीन संघ एकाच यादीत बसवत असतो. एकच वस्तू दोघांना देता येत नाही, हे बंधन त्यात आणखी भर घालते.

टेरास्टल : नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेमनी दर सामन्यात एका पोकेमॉनचा टाइप बदलण्याची मुभा दिली आणि वर सांगितलेला सगळा हिशेब डळमळीत केला. ड्रॅगनाइट नॉर्मल टाइपचा झाला तर आइसची भीती संपते आणि नॉर्मल टाइपच्या एक्स्ट्रीम स्पीडला, ती आता स्वतःच्याच टाइपची मूव्ह असल्याने, जादा जोर चढतो. हीट्रॅन ग्रास टाइपचा झाला तर ग्राउंड आणि वॉटर दोन्ही त्याला निम्मेच लागतात. संघ बांधताना आता प्रत्येकाचा टेरा टाइप हीसुद्धा एक जागा धरावी लागते, आणि तो बदल सामन्यात एकदाच मिळत असल्याने दोघांनी त्यावर विसंबून राहणे हा नवा धोका ठरतो. अधिकृत स्पर्धांत २०२३ पासून मूव्ह, वस्तू, ॲबिलिटी आणि टेरा टाइप दाखवणारी संघयादी सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला दिली जाते. स्मोगनच्या एकेरी लढतीत मात्र टीम प्रिव्ह्यूमध्ये केवळ सहा पोकेमॉन दिसतात, आणि कोण कोणत्या टाइपचा होणार याचा अंदाज खेळाडूलाच बांधावा लागतो.